कोण देवमन मास्तर?

समोरच्या माणसाने मोबाईल वर धरला तरी देवमन मास्तर वाजवणं थांबवत नसत. सॅक्सोफोन किंचित खाली घेत, डोळे अर्धे मिटत आणि तीच चाल पुढे नेत. ऐकणाऱ्याला काही जाणवत नसे. फरक एवढाच की त्या क्षणापासून चालीतलं एक वळण खोटं असे. मोबाईल खिशात गेला की खरं वळण परत येई. हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली, आणि तेही त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून. "यंत्र पाह्यलं का मी फाटक लावून घेतो," ते म्हणाले. "चोर आला तरी ओसरीतूनच वापस जाते."

मास्तर मंगरूळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारचे. हायवे सोडून आत वळल्यावर त्यांचा दोन एकरांचा मळा होता. वांगी, मेथी, पालक, कोथिंबीर, बांधावर पपईची झाडं. सकाळी जुड्या बांधून बाजार, आणि लग्नसराईत दहा जणांच्या बँडपुढे सॅक्सोफोन. बँड चालवणाऱ्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात, त्याचा शाळेशी संबंध नाही. उंच, सडपातळ माणूस. चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली. बँडचा लाल कोट ते स्वतः धूत आणि मळ्यातल्या तारेवर वाळत घालत. लांबून पाहणाऱ्याला वांग्यांत बुजगावणं उभं केल्यासारखं वाटे.

सॅक्सोफोन जुना, तिसऱ्या हातचा होता. खालच्या एका चावीची चामड्याची टिकली झिजली होती. मास्तरांनी तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला होता. तो नीट बसत नसे आणि त्या चावीवर एक सूर वाजवला की त्याच्या पोटातून दुसरा, घोगरा सूर निघे. दुसऱ्या कोणी अकोल्याला नेऊन दुरुस्ती केली असती. मास्तर आपल्या चाली अशा रचत की लांबचा फेरा मारून त्या सुरावर यावं. "बाईच्या दातात फट असली का हसू ध्यानात राह्यते," ते म्हणत. "ते बुजवाले कायले जाऊ?"

त्यांचा दम हा तालुक्यात बोलण्याचा विषय होता. गालात हवा साठवून ती तोंडाने सोडत राहायची आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. हे ते कोणाकडे शिकले नव्हते. पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्याच्या बादलीत बुडवून फुंकत बसायचं, बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. "बुडबुडा तुटला का दम तुटला." दोन पावसाळे त्यांनी हेच केलं.

याच दमावर त्यांनी पहिला हिशेब चुकता केला होता. केनवडकडच्या एका बँडमास्तरने त्यांची बिदाईची चाल उचलली.  पुढच्या लग्नात तो माणूस गर्दीत उभा दिसला तेव्हा मास्तरांनी एक नवी चाल मोठ्या सहजपणे वाजवली. ती चाल एका श्वासात होत नाही. दोन श्वासांत घेतली तर तिचा जीव जातो. पुढच्या हंगामात केनवडच्या त्या बँडचा क्लॅरिनेटवाला नवरीच्या दारात ती वाजवता वाजवता ओट्यावर खोकत बसला, आणि ती बिदाई ढोलावर उरकावी लागली. मी विचारलं तेव्हा मास्तर मेथीची जुडी बांधत होते. "म्या काय केलं? त्यानं चोरलं, त्यालेच पचलं नाही." आणि थोड्या वेळाने, "मी राग करत नाही भाऊ. राग दुसऱ्या दिशी भाकरीसारखा शिया होते. मी ध्यानात ठेवतो."

प्रत्येक वाफ्यातलं एक चांगलं वांगं ते बियाण्यासाठी राखत. त्याला लाल चिंधी बांधत. ते तोडायचं नाही, झाडावरच पिवळं होऊ द्यायचं.

त्यांची एक चाल कोणत्याच वरातीत वाजत नसे. ती मळ्यातली होती. पूर्वी पाणी देताना मास्तर विहिरीच्या मोटरीजवळ उभे राहत आणि त्यांची बायको रुखमाबाई पलीकडच्या टोकाला, शेवटच्या वाफ्यापाशी. पाणी तिथे पोचलं की ती आवाज देई आणि मास्तर मोटर बंद करत. त्या मधल्या वेळात ते वाजवत. रुखमाबाई गेली तेव्हा आवाज देणारं कोणी उरलं नाही. मास्तरांनी चाल सोडली नाही. पाणी वाहत असताना ती फिरत राही, पाणी शेवटच्या वाफ्याशी आलं की शेवटी सॅक्सोफोनमधून रुखमाबाईचा आवाज येई. एक खालचा सूर, मग एकदम वर, आणि वरून अर्ध्यात तुटलेला. तो त्याच बिघडलेल्या चावीवर येई. मग मास्तर उठून मोटर बंद करत. जमीन तापलेली असली की पाणी हळू चाले आणि चाल लांबे. ओल असली की लवकर आटपे. दोन दिवस ती सारखी वाजली असं कधी झालं नाही.

मी वाशिमला एका दैनिकाचा बातमीदार आहे. डीजेमुळे बंद पडत चाललेल्या बँडपार्ट्यांवर मी रविवारच्या पुरवणीत लिहिलं होतं. ते वाचून पुण्याच्या एका वादकाने संपर्क साधला. तो सॅक्सोफोन वाजवतो, परदेशात जॅझ शिकून आला आहे, प्रायोगिक संगीत करतो. त्याचं नाव मी इथे देत नाही. तशी मास्तरांची ताकीद होती, तिचं कारण पुढे येईल. त्याला मीच जीपमध्ये बसवून शेलूबाजारला नेलं. ही नोंद माझ्या नावावर आहे.

पाहुणा तिशीतला, अदबशीर होता. दोन दिवस राहिला. प्रश्न चांगले विचारत होता, हे मान्य केलं पाहिजे. चाल सुरू कशी करता, या प्रश्नावर मास्तरांनी सांगितलं की ते पाय पाहतात. वरात मागून चालते, तिचे पाय जड झाले की सूर हलका करावा लागतो. चाल वळवायची कुठे, तर विजेच्या तारेखाली. डोक्यावर लाइटची झाडं घेतलेल्या बाया तारेखाली वाकतात, तेव्हा चालही वाकवायची. आणि चूक झाली तर? मास्तर म्हणाले, "तिले बसाले जागा द्याची. हाकललं तं लोकाले दिसते." पाहुण्याने ते लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं.

मग पाहुण्याने आपली रीत सांगितली. तो आधी खोलीची शांतता ऐकतो. फ्रिजचा, पंख्याचा आवाज कोणत्या सुरात आहे ते शोधतो आणि कधी कधी तासभर काहीच वाजवत नाही. मास्तरांनी हे गंभीरपणे ऐकलं.

"मंग वाजवता कवा?" त्यांनी विचारलं.

बँडमध्ये तीस वर्षं ढोल वाजवणारे रशीदभाई बाजूला बसले होते, ते हसले. पाहुणाही हसला. त्या दिवशी सगळेच हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोबाईल समोर धरूनच मळ्यातली चाल ऐकली. ती रोज वेगळी असते असं मी सांगितल्यावर त्याने का, हे विचारलं. मास्तर म्हणाले, "पानी जितका वेय, चाल तितका वेय. मी वाजवत नाही साहेब, वाट पाह्यतो." पाहुण्याने मेथीच्या वाफ्यात दोन यंत्रं उभी केली आणि ती चाल दोनदा मुद्रित केली. निघताना मास्तरांच्या पाया पडला. नाव विचारलं, मास्तरांनी सांगितलं. पूर्ण नाव विचारलं नाही.

दीड वर्षाने त्याचा अल्बम इंटरनेटवर आला. त्यातली मुख्य रचना मळ्यातली चाल होती. खाली ड्रम, मोठं व्हायोलिन, संगणकाचे आवाज. रचनाकार म्हणून पाहुण्याचं नाव. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत आभार होते, त्यात 'वाशिम जिल्ह्यातील एक ग्रामीण वादक' असा उल्लेख होता.

मी मोबाईल घेऊन मळ्यात गेलो आणि ती रचना ऐकवली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. शेवटाकडे आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"फाटकच नेलं लेकानं," ते म्हणाले.

तेव्हा मला फाटकाची गोष्ट कळली. यंत्रासमोर मास्तरांनी रुखमाबाईचा आवाज वाजवलाच नव्हता. त्याच्या जागी त्यांनी 'पंगत' लावून दिली होती. पंगत म्हणजे त्यांच्या बँडची खूण. वरात मांडवाशी आली, नाच संपला, आता जेवायला चला, हे गोंगाटात कोणाला ऐकू जात नाही. म्हणून मास्तर एक छोटं, ठसठशीत वळण वाजवत आणि लोक हात धुवायला निघत. शेलूबाजार, आसेगाव आणि आसपासच्या गावांत एक आख्खी पिढी त्या वळणावर जेवायला उठलेली आहे. मळ्यात त्यांनी ते इतकं संथ वाजवलं होतं की मलाही ओळखू आलं नव्हतं. पाहुण्याने ते पुन्हा जलद केलं होतं आणि रचनेत सात वेळा आणलं होतं.

"सात खेप?" मास्तर म्हणाले. "लोकाचं पोट फुटन."

इथवर ते मजेत होते. मग मी पाहुण्याची एका मासिकातली मुलाखत वाचून दाखवली. ती त्याच्या सर्जनप्रक्रियेवर होती. मी पाण्याइतका वेळ वाजवतो, असं तो म्हणत होता. मी वाजवत नाही, वाट पाहतो. चूक झाली तर मी तिला बसायला जागा देतो. आणि रचनेतलं ते शेवटचं वळण आपल्याला पहाटे एका शेतात सुचलं, ते सगळ्यात गूढ आहे, असंही म्हणत होता.

मास्तरांचं हसू गेलं. "हे कोन म्हनलं?"

मी सांगितलं.

"हे म्या म्हनलं होतं ना?"

मी माझी वही उघडून त्या दिवसाचं पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते ओळीला बोट लावत वाचलं. मग अल्बमचे आभार परत वाचायला लावले.

"ग्रामीण वादक," ते म्हणाले. "नाव सांगतलं होतं म्या त्याले. दोन खेप."

मी बातमी करतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. बातमी एक दिवस राहते आणि दुसऱ्या दिवशी त्या कागदावर लोक भजे खातात, असं त्यांचं म्हणणं. वकिलाची नोटीस सुचवली, तीही नको. फक्त एक ताकीद दिली. "त्याचं नाव तू कुठीच लिहू नको. त्यानं माहं लिहिलं नाही." जाताना मी विचारलं, मग करणार काय? त्यांनी वाफ्यातल्या चिंधी बांधलेल्या वांग्याकडे बोट केलं.

"पिकून राह्यलं," म्हणाले.

अशी दोन वर्षं गेली. मग वाशिमच्या एका सांस्कृतिक मंडळाने पाहुण्याला बोलावलं. शनिवारी दुपारी चार वाजता, प्रवेश विनामूल्य, 'वऱ्हाडच्या मातीतला जॅझ'. निमंत्रणपत्रिका आमच्या कार्यालयात आली ती मी मास्तरांना नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

पुढचे आठ दिवस त्यांनी भाजीबरोबर तो कार्यक्रम विकला. बाजारात, आसेगावच्या पारावर, जीपस्टँडवर प्रत्येकाला सांगितलं: शनिवारी वाशिमला बाजा आहे, मोठा माणूस येणार आहे, फुकट आहे, चला. का चला, ते कोणालाच सांगितलं नाही. रशीदभाईंनाही नाही. बारा जीपा भरून माणसं आली. आयोजक खूश होते. त्यांच्या कार्यक्रमाला एवढी गर्दी पूर्वी झाली नव्हती.

मास्तर तिसऱ्या रांगेत बसले. अंगात बँडचा लाल कोट होता, इस्त्री केलेला.

पहिल्या दोन रचना लोकांनी सभ्यपणे ऐकल्या. मग पाहुण्याने माइक हातात घेतला आणि आपण कसे वाजवतो ते सांगितलं. पाणी, वाट पाहणं, चुकीला जागा देणं. मास्तरांचे हात गुडघ्यांवर होते. ते हलले नाहीत. मग मळ्यातली चाल सुरू झाली.

पंगत पहिल्यांदा आली तेव्हा सभागृहात एक हालचाल झाली, एवढीच. दुसऱ्यांदा बायांनी मागे वळून एकमेकींकडे पाहिलं. तिसऱ्यांदा आसेगावचे एक म्हातारे उठले, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि शेजारच्याला विचारलं, "हात कुठं धुवाचे?" आजूबाजूचे हसले, पण दोघे-तिघे त्यांच्यामागे उठलेही. चौथ्यांदा पंगत आली आणि अर्धं सभागृह उभं राहिलं. काही गंमत म्हणून उठले. काही खरोखर दाराकडे निघाले. पायांना इतक्या वर्षांची सवय होती. आयोजकांना वाटलं, कुठे शॉर्ट सर्किट झालं. त्यांनी सगळे दिवे लावले.

पाहुण्याने वाजवणं थांबवलं आणि काय झालं, असं माइकवर विचारलं.

"तुमीच त बलावलं जेवाले," म्हातारे दारातून म्हणाले. "हे देवमन मास्तरची पंगत हाय ना."

 पाहुण्याने माइकवर विचारलं, "कोण देवमन मास्तर?"

दिवे लागलेले होते. मंचापासून तिसरी रांग पंधरा-वीस फुटांवर होती आणि तिच्यात एकच लाल कोट होता. पाहुण्याने त्यांना ओळखलं होतं असं मला सिद्ध करता येणार नाही. त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली, एवढं मी पाहिलं. सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. रशीदभाई अर्धे उठले. मास्तरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग स्वतः उठले, कोटाची खालची गुंडी लावली आणि बाहेर पडले. लोक त्यांच्यामागून गेले. पाचवी पंगत वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाचव्या पानावर चार ओळी दिल्या. त्यात 'श्रोत्यांनी उभे राहून प्रतिसाद दिला' असं वाक्य होतं. माझ्या नोकरीत मी छापलेलं कोणतंही वाक्य याहून अचूक नाही.

कोणीतरी त्या दुपारचं मोबाईलवर चित्रण केलं होतं. ते फिरलं. दोन महिन्यांनी पाहुणा शेलूबाजारला आला. मास्तरांनी मला निरोप पाठवला: "वही घेऊन ये. बस आनि लिही."

पाहुणा नीट बोलला. आभाराची ओळ अल्बम काढणाऱ्या कंपनीने लिहिली होती, आपण वाचायला हवी होती, वाचली नाही, चूक झाली, असं त्याने सांगितलं. सभागृहात आपण घाबरलो होतो, असंही म्हणाला. मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. त्याचा प्रस्ताव होता की अल्बम नव्याने काढू, दोघं मिळून वाजवू, आणि या वेळी खरा शेवट घेऊ. त्याने लॅपटॉप उघडून मुखपृष्ठ दाखवलं. वर मोठ्या अक्षरांत देवमन मास्तर, खाली त्याचं स्वतःचं नाव, लहान.

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या बाहीने पुसला, परत लावला. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं.  त्यांना हेच हवं होतं. माझ्या वहीत त्यांनी स्वतःची वाक्यं शोधली तेव्हापासून त्यांना दुसरं काही नको होतं.

मग त्यांनी पाहुण्याला सगळी यंत्रं बंद करून ओसरीत ठेवायला सांगितली. मोबाईलसुद्धा. मोटर चालू केली, सॅक्सोफोन पोत्यातून काढला आणि वाजवायला बसले.

त्या दिवशी जमीन तापलेली होती. चाल बराच वेळ फिरली. वाफ्यावाफ्याने पाणी पुढे जात होतं आणि पाहुणा ते पाहत होता. आता त्याला कळत होतं. पाणी शेवटच्या वाफ्याच्या तोंडाशी आलं. मास्तरांची बोटं त्या बिघडलेल्या चावीकडे गेली. पाहुणा पुढे झुकला. मास्तरांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला, उठले आणि मोटर बंद करून आले.

"पुढे?" पाहुण्याने विचारलं.

"पुढं काई नाही. पानी आलं."

"पण शेवट, मास्तर."

"तू त्या दिशी माइकवर एक गोष्ट इचारली होती," मास्तर म्हणाले. दोन दिवसांच्या मुक्कामात ते त्याला साहेब आणि तुमी म्हणत होते. "कोन देवमन मास्तर, म्हने. चारशे लोकाइपुढं इचारलं. त्याले शोध. तो भेटला का शेवट त्याले इचार."

"मी नाव टाकतोय ना."

"कशावर टाकतो? खोट्या चालीवर माहं नाव नको. आनि खरी मी तुले देत नाही."

पाहुणा आणखी थोडा वेळ बसला. मास्तरांनी त्याला चहा दिला आणि जाताना वांगी दिली, दोन किलो, निवडून. तो गेल्यावर मी म्हणालो, मास्तर, नाव राहिलं असतं. ते सॅक्सोफोन पोत्यात गुंडाळत होते.

"रुखमानं मले आवाज देला होता," ते म्हणाले. "कंपनीले नाही."

याची किंमत इतरांनीही दिली, हेही नोंदवलं पाहिजे. मास्तर थंडीत आजारी पडले. छातीचा विकार होता आणि दम, ज्याच्यावर त्यांचं सगळं उभं होतं, तोच गेला. दवाखान्यात रशीदभाई त्यांच्या उशाशी असत. एकदा माझ्यासमोर त्यांनी विनवलं की शेवट निदान बँडला द्या, गुणगुणून द्या, आमचा क्लॅरिनेटवाला धरून घेईल. मास्तरांनी डोळे न उघडता सांगितलं, "तू ढोल वाजव." रशीदभाई बाहेर व्हरांड्यात येऊन बसले. तीस वर्षं त्याच्या मागे चाललो, म्हणाले, त्यानं मलेही ओसरीतच बसवलं. मास्तरांची ध्यानात ठेवायची यादी फार काटेकोर होती. तिच्यात एकदा चोर आला की दोस्तांसाठीही फाटक बंद झालं.

तो शेवट मी दोनदा ऐकला आहे. मला गाता येत नाही. माझ्याकडे ध्वनिमुद्रण नाही.

अंत्ययात्रेत बँड होता. मास्तरांचाच बँड, लाल कोटांतला, पुढची जागा मोकळी ठेवून चालणारा. मळ्याजवळून जाताना क्लॅरिनेटवाल्याने मळ्यातली चाल धरली. त्याला ती मास्तरांकडून मिळाली नव्हती. मोबाईलवरून, पाहुण्याच्या अल्बमवरून त्याने ती बसवली होती, दुसरीकडे ती नव्हतीच. चाल शेवटाकडे आली. पुढे पंगत येणार होती आणि मागे दोन-तीनशे माणसं होती. रशीदभाईंनी टिपरूने ढोलावर एक मोठा ठोका मारला आणि ढोल थांबवला. क्लॅरिनेट अर्ध्यात तुटलं. सगळा बँड गप्प राहिला आणि यात्रा तशीच, नुसत्या पायांच्या आवाजात, मळा ओलांडून गेली.

तेराव्याच्या आधी पाहुण्याचा मला फोन आला. त्याला श्रद्धांजली लिहायची होती. आवाजावरून त्याला वाईट वाटलेलं होतं. त्याने आधी तो शेवट मी ऐकला होता का, हे विचारलं. मी ऐकला होता, असं सांगितलं. मग त्याने मास्तरांचं पूर्ण नाव विचारलं. गाव कसं लिहितात, वय किती होतं, आडनाव काय. दोन दिवस मळ्यात राहून, दोन यंत्रं लावून जे त्याने विचारलं नव्हतं ते.

ही सगळी माहिती माझ्या वहीत आहे, तपासलेली. मी ती दिली नाही. या लेखातही आडनाव नाही, ते विसरलेलं नाही. ज्याला हवं असेल त्याने शेलूबाजारला जीपमधून उतरावं आणि पहिल्या दिसेल त्या माणसाला विचारावं, कोण देवमन मास्तर. मी पाहुण्याला हेच सांगितलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी रशीदभाईंना हे कळवलं. ते मळ्यात होते, चिंधीचं वांगं पिवळं झालं होतं ते तोडून बी काढत बसले होते. पुण्याचा तो माणूस कदाचित विचारत येईल, मी म्हणालो.

त्यांनी बोटाला चिकटलेलं बी कागदावर झटकलं.

"येऊ दे," म्हणाले. "आला का पंगत वाजवतो."